सघन भातलागवड पद्धत (श्री पद्धत)

कोवळी रोपे एकेकटी, विरळ अंतरावर लावून आणि खाचरात पाणी साचू न देता भाताचे उत्पादन वाढविण्याची पद्धत. मूळ फ्रेंच नावाची आणि त्याच्या इंग्रजी रूपाची (सिस्टिम ऑफ राइस इंटेन्सिफिकेशन) आद्याक्षरे एकच (एस. आर. आय.) असल्याने भारतात तिला ‘श्री पद्धत’ हे नाव पडले, बिहारमध्ये तिला ‘श्रीविधि’ म्हणतात. नावातील ‘सघन’ हा शब्द काहीसा फसवा आहे. लावणी विरळच असते. सघन असतात ते श्रम आणि देखरेख. बी, पाणी व रासायनिक खत कमी लागत असल्याने तिची गणना शाश्वत शेतीच्या पद्धतींत होते.

उगम : या पद्धतीचे श्रेय सामान्यतः आंरी द लोलानिये या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंना दिले जाते. ते १९६१ मध्ये मादागास्करला आले आणि पुढे आंत्सिराबे येथे त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीशाळा काढली. १९८३ च्या सुमारास, पाऊस लांबलेल्या हंगामात, तेथे जेमतेम १५ दिवसांची रोपे लावावी लागली व त्यांना अनपेक्षितपणे भरघोस फुटवे (बुंध्यातून निघणारे नवे दांडे) आले, असे सांगितले जाते. या प्रसंगाचे तपशील निरनिराळ्या लेखनात थोडे वेगळे आढळतात. तथापि पद्धत एका दिवसात सापडली असे मानण्यापेक्षा त्याआधीच्या वीसेक वर्षांच्या निरीक्षणांतून ती आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकेक रोप लावण्याची कल्पनाही सर्वस्वी नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळ प्रदेशात तशा लावणीचे प्रयोग झाल्याचे उल्लेख आहेत, मात्र त्यांचा मादागास्करशी संबंध जोडता येत नाही.

१९९० मध्ये स्थापन झालेली मादागास्करमधील ‘तेफी साइना’ ही संस्था आणि १९९४ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ, विशेषतः तेथील प्राध्यापक नॉर्मन अपहॉफ, यांनी पद्धतीचा प्रसार केला. लोलानिये १९९५ मध्ये निवर्तले.

शास्त्रीय आधार : लोलानिये यांना आपल्या निरीक्षणांचा उलगडा कातायामा या जपानी शास्त्रज्ञाच्या फुटव्यांविषयीच्या अभ्यासातून, तोही बराच नंतर झाला. मुख्य दांड्यावर एक पान निघाल्यापासून पुढचे निघेपर्यंतचा काळ हा वाढीचा एक टप्पा धरतात. हवामान अनुकूल असेल तर तो सुमारे ५ दिवसांचा असतो; थंडी, दाटी किंवा मुळांना झालेली इजा यांमुळे तो लांबतो. पहिला फुटवा चौथ्या टप्प्यात येतो आणि नंतर फुटव्यांनाही फुटवे येत जातात. फुलोऱ्यापूर्वी १२ टप्पे पुरे झाले तर एका रोपापासून, निदान हिशेबापुरते, ८४ दांडे मिळू शकतात. शेवटच्या तीन टप्प्यांतच यांपैकी ६३ येतात, त्यामुळे आरंभी गमावलेला आठवडा शेवटी महागात पडतो. लावणी चौथ्या टप्प्याआधी, म्हणजे रोप ८ ते १२ दिवसांचे व दोन पानांवर असताना करावी, हा नियम येथूनच आला.

कृती : गादीवाफ्यावर पातळ पेरलेले रोप उपटत नाहीत, मातीसकट, दाणा न तुटता अलगद उचलतात आणि अर्ध्या तासाच्या आत लावतात. चिखलणी केलेल्या पण पाणी काढून टाकलेल्या खाचरात गाठी मारलेल्या दोरीने २५ × २५ सेंमी.चे चौकोन आखतात व प्रत्येक फुलीवर एकच रोप ठेवतात. चौरस मीटरला १६ रोपे बसतात, आणि हेक्टरी ५ ते ८ किग्रॅ. बियाणे पुरते. रोप वरून दाबले तर मुळाचे टोक वर वळते आणि ते पुन्हा खाली वळेपर्यंत वाढ अडते. म्हणून ते चिखलात आडवे सरकवून १–२ सेंमी. खोलीवर बसवायचे असते. लावणीत मुरलेल्या हातांना ही सवय सहजी लागत नाही.

पोटरी धरेपर्यंत (दांड्यात कणीस तयार होऊ लागेपर्यंत) जमीन आलटून पालटून ओली-कोरडी ठेवतात. पुढे पाण्याचा पातळ थर राखतात. पाणी नसल्याने तण माजते. त्यासाठी हाताने ढकलायचे फिरते कोळपे १०–१२ दिवसांच्या अंतराने उभे-आडवे फिरवतात. त्याने तण गाडले जाते आणि मुळांना हवा मिळते. खताची भिस्त कंपोस्टवर असते.

उत्पादनाविषयीचा वाद : मादागास्करमधील रानोमाफाना परिसरात हेक्टरी २ टनांवरून सरासरी ८ टनांपर्यंत वाढ नोंदविली गेली. कृषिशास्त्रज्ञांच्या एका गटाने हे आकडे अमान्य केले. सिंक्लेअर व कॅसमन यांनी २००४ मध्ये अशा दाव्यांची तुलना उडत्या तबकड्यांशी केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चीनमधील तुलनात्मक चाचण्यांत पद्धतीचा अंगभूत फायदा दिसला नाही. २००६ च्या एका आढाव्याचा निष्कर्ष असा, की मादागास्कर सोडल्यास ती सर्वोत्तम प्रचलित मशागतीपेक्षा सरस ठरत नाही. तेथील निकृष्ट, लोहाधिक्याच्या जमिनींना पाणी काढून टाकण्याचाच लाभ झाला असावा, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. समर्थकांचा आक्षेप असा, की चाचण्यांत पद्धतीचे सर्व घटक एकत्र पाळलेच गेले नाहीत. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील दरवेशपुरा येथे २०११ मध्ये नोंदविलेले हेक्टरी २२.४ टन उत्पादन चिनी शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांनी अविश्वसनीय ठरविले. अशा विक्रमांवरून पद्धतीची पारख करू नये. बियाण्याची व पाण्याची बचत मात्र टीकाकारांनीही फारशी नाकारलेली नाही. मिथेन वायूचे उत्सर्जन घटते. उलट नायट्रस ऑक्साइड काही वेळा वाढतो.

भारत व महाराष्ट्र : तमिळनाडू कृषी विद्यापीठात २००० पासून आणि आंध्र प्रदेशात २००३ च्या खरिपात चाचण्या झाल्या. त्रिपुरा व बिहार येथे शासकीय पाठबळ मिळाले. कोकणात पद्धत मूळ धरू शकली नाही. जुलैच्या झडीत खाचरातले पाणी हटत नाही आणि बोटभर रोप बुडते, हे त्याचे उघड कारण होय. तेथे डॉ. एन. के. सावंत यांची ‘चारसूत्री’ अधिक परिचित आहे. काळी राख व तणस यांचा वापर, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, आलटून पालटून १५ व २५ सेंमी. अंतराची जोडओळ लावणी आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये खोल खोचलेली युरिया-डीएपी या रासायनिक खतांची गोळी ही तिची सूत्रे. दोहोंत नियंत्रित अंतर समान असले, तरी चारसूत्री ही श्री पद्धतीची शाखा नव्हे. नेरळजवळ विकसित झालेल्या ‘सगुणा’ तंत्रात तर चिखलणी व लावणी दोन्ही वगळतात.

अन्य पिके : बिहारमध्ये गव्हासाठी हीच तत्त्वे वापरली गेली. २००९ मध्ये उसासाठी एक डोळ्याच्या रोपांवर आधारित उपक्रम सुरू झाला. नाचणीत कर्नाटकातील ‘गुळी’ लागवड श्री पद्धतीशी मिळतीजुळती आहे, पण ती स्थानिक व स्वतंत्र असावी.