कयाकमध्ये पाण्याचा कॅन कुठं ठेवायचा?

पैठणला नाथसागराच्या काठावर दोन तरुण कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांबट अरुंद नाव, भरत होते. पक्षी अभयारण्याचं पाणी असल्यानं रीतसर परवानगी काढलेली. तंबू, कपडे आणि दशम्यांचा डबा आत कोंबला होता. वीस लिटरचा पाण्याचा कॅन मात्र वर, पाठीमागं दोरीनं आवळलेला. मी टोकलं तर म्हणाले, "काका, वजन तेवढंच राहणार ना? वर काय न् खाली काय!"

नाव किती बुडणार, हे एकूण वजनावर ठरतं. आर्किमिडीज आपण शाळेतच शिकलो. पण ती उलटणार की नाही, हे वजन कुठं आहे यावर ठरतं.

वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढतं. पाणी नावेला वर ढकलतं ते तिच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून. नाव उजवीकडे कलली की उजवा भाग जास्त बुडतो आणि वर ढकलणारा हा बिंदूही उजवीकडे सरकतो. तिथून सरळ वर रेघ ओढा. ती नावेच्या मधल्या रेषेला छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४६ मध्ये ही कल्पना मांडली. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असला तर कललेली नाव आपोआप सरळ होते. वर गेला, तर तेच पाणी तिला पालथी घालतं!

बुडालेल्या भागाच्या मध्यापासून मेटासेंटर किती उंच, हे काढायला पाण्याच्या पातळीवरच्या छेदाचं क्षेत्रीय आघूर्ण (ते क्षेत्र मधल्या रेषेपासून किती दूरवर पसरलंय याचं माप) घ्यायचं आणि त्याला सारलेल्या पाण्याच्या आकारमानानं भागायचं. या आघूर्णात रुंदीचा घन येतो. म्हणजे ६० सेंटिमीटरची नाव ९० ची केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर ही उंची ३.३७५ पट होते. रुंद होडीत उभं राहून जाळं फेकता येतं, कयाकमध्ये नाही, ते यामुळेच.

आता तो कॅन. माणूस, नाव, सामान मिळून १२० किलो धरू. २० किलोचा कॅन ३० सेंटिमीटर खाली आणला की सगळ्याचा गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खाली येतो. अरुंद कयाकला एवढा फरक फार मोठा. शिवाय कॅन अर्धा झाला की आतलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं. त्यापेक्षा लहान, काठोकाठ भरलेल्या बाटल्या बऱ्या.

लांबीचा हिशेब बैलगाडीवाल्याला सांगावा लागत नाही. गाडी उलाळ, म्हणजे मागं जड नको, धुरजड, म्हणजे पुढं जडही नको. जड सामान मध्याजवळ, कपड्यांसारखं हलकं टोकांना. टोकं जड झाली की लाटेवर नाक उचलायला उशीर होतो, आणि सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या या उघड्या जलाशयावर वाऱ्याला लाटा उठवायला भरपूर जागा मिळते.

आमच्याकडं कुणी बुडालं की 'आसरांनी', म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, 'ओढलं' म्हणतात. असं म्हटलं की नाव कशी भरली होती, अंगात लाईफ जॅकेट होतं का, हे कुणी विचारतच नाही. पुढची नाव तशीच भरली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

पोरांनी कॅन सोडला, पाणी बाटल्यांत ओतलं आणि बाटल्या आसनालगत तळाशी दोन्ही बाजूंना दाबून बसवल्या. गुडघाभर पाण्यात एकानं मुद्दाम अंग झुकवलं. कयाक कलली, क्षणभर थांबली आणि सरळ झाली.