घाट उतरताना ओरडणारी गाडी

संभाजीनगरहून चाळीसगावकडे येताना कन्नडचा घाट लागतो. गेल्या दिवाळीत मी माझ्या हायब्रिड गाडीने, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीने, तो घाट उतरत होतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता, गाडी आपोआप खाली चालली होती आणि इंजिन बंद होतं. निम्मा घाट गेला आणि इंजिन अचानक घूंऽऽ करून ओरडायला लागलं. शेजारी मामा बसले होते. केळीच्या पट्ट्यात उभा जन्म डिझेल जीप चालवलेला माणूस. ते दचकले आणि लगेच म्हणाले, "न्यूट्रल कर भाऊ, फुकट पेट्रोल जळी राहिनं!"

गंमत अशी की त्या क्षणी पेट्रोलचा एक थेंबही जळत नव्हता. ही गोष्ट मामांना घाट संपेपर्यंत पटली नाही, म्हणून घरी गेल्यावर वहीवर हिशेब मांडून दाखवला. तो इथेही मांडतो, कारण हायब्रिड गाडीचं अर्धं शास्त्र त्या ओरडण्यातच आहे.

माझ्या गाडीतली मोठी बॅटरी साधारण पाऊण युनिटची आहे. युनिट म्हणजे लाइट बिलावरचंच, एक किलोवॅट-तास. तेही सगळं वापरता येत नाही. बॅटरी वर्षानुवर्षं टिकावी म्हणून गाडी तिला पुरती भरूही देत नाही आणि पुरती रिती होऊही देत नाही. हाताशी राहतं जेमतेम 0.4 युनिट. आता घाट बघा. माणसं धरून गाडीचं वजन 1450 किलो, उतार समजा 300 मीटर उंचीचा. या उंचीवरून खाली येताना सुमारे 43 लाख ज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे जवळपास 1.2 युनिट. टायर आणि वारा त्यातली निम्मी खातात, यांत्रिक ऊर्जेची वीज होताना आणखी थोडी गळते. तरी 0.4 युनिटच्या आसपास उरतेच. आणि घाटमाथ्यावर पोचताना बॅटरी रिकामी थोडीच असते! ती निम्म्या घाटातच भरते.

भरली, आता पुढे काय? गाडी तर अजून उतरतेच आहे. चाकाशी जोडलेली मोटर जनित्र होऊन वीज तयार करतेच आहे आणि ती ठेवायला जागा नाही. मग गाडी ती वीज दुसऱ्या मोटरला देते आणि दुसरी मोटर पेट्रोल न टाकता इंजिन गरागरा फिरवते. इंजिन नुसतं हवा ओढतं आणि फेकतं. जास्तीची वीज अशी मुद्दाम वाया घालवली जाते आणि गाडीला आवर बसतो. मामांच्या जीपमध्ये घाटात दुसरा गिअर टाकला की जे व्हायचं, तेच हे. फरक इतकाच की ते करायचं कधी, हे इथे संगणक ठरवतो. काही गाड्यांत गिअरच्या दांड्यापाशी 'बी' असं लिहिलेलं असतं. लांब उतार असेल तर ते टाकावं, ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र त्याचा उपयोग नाही, उलट तोटाच.

न्यूट्रलचा सल्ला मात्र घातक. घाटात न्यूट्रल करणं कोणत्याही गाडीत धोक्याचंच, पण आमच्याकडे ही सवय इतकी मुरलेली आहे की पेट्रोल वाचवणं म्हणजे न्यूट्रल करणं, असाच समज आहे. इंजेक्शनवाल्या साध्या गाडीतसुद्धा गिअरमध्ये पाय काढला की इंधन तुटतं आणि न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला ते पुन्हा लागतं. ग्रहगिअरवर (तो काय, ते पुढे सांगतो) चालणाऱ्या हायब्रिडमध्ये तर न्यूट्रल केलं की बॅटरीत काही भरलंच जात नाही. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी बराच वेळ न्यूट्रलमध्ये थांबून एसी चालू ठेवला, तर बॅटरी नुसती उतरत राहते.

ग्रहगिअर हे प्रकरण मला स्वतःला फार आवडतं. मधे एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून एक दातेरी कडं. मधल्या चाकाला एक मोटर, छोट्या चाकांच्या चौकटीला इंजिन, कड्याला दुसरी मोटर आणि गाडीची चाकं. बस. क्लच नाही, स्टार्टर नाही, डायनॅमो नाही. तिघांच्या वेगांचं गणित जुळवून इंजिन त्याला सोयीच्या फेऱ्यांवर ठेवता येतं. टोयोटाची प्रियस डिसेंबर 1997 मध्ये जपानात विक्रीला आली ती याच रचनेवर, आणि आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉस आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या, आवृत्त्यांत तीच आहे. होंडाची तऱ्हा वेगळी: इंजिन बहुतेक वेळ नुसती वीज करतं, चाकं मोटर फिरवते आणि हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. ज्यांच्या नावापुढे नुसतं 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट हायब्रिड' असतं त्या गाड्यांत मोटर इंजिनाला हातभार लावते, गाडी एकटी ओढत नाही. घेताना हा फरक विचारून घ्या, कारण शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द फार सढळ वापरतात.

लोक मला अजून विचारतात, चार्जिंगला कुठे लावता? कुठेच नाही. या गाडीला प्लगच नाही. सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट उष्णता असते, त्यापुढे पाऊण युनिटची बॅटरी म्हणजे काय! ती विहीर नव्हे, पाणपोईचा रांजण आहे. येता-जाता भरतो, येता-जाता रिकामा होतो.

मग मायलेज येतं कुठून? इंजिनाला नको तिथे झोपवण्यातून. गर्दीत सरपटणाऱ्या साध्या गाडीचं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साही नीट कामाला लावत नाही, आणि उभ्या गाडीत तर शून्य. हायब्रिडचं इंजिन चालतं तेव्हा 40 टक्क्यांच्या जवळपास जाऊ शकतं. त्याचं श्रेय जेम्स अ‍ॅटकिन्सन या ब्रिटिश इंजिनिअरच्या 1882 च्या कल्पनेला. आजच्या इंजिनात ती अशी वापरतात: हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, आलेली थोडी हवा परत ढकलली जाते, त्यामुळे दाबण्यापेक्षा प्रसरणाचा पल्ला लांब पडतो आणि स्फोटातला शेवटचा जोरही पिळून घेता येतो. असं इंजिन खालच्या फेऱ्यांवर मिळमिळीत असतं. ती उणीव मोटर भरून काढते.

म्हणून ही गाडी जळगावच्या गर्दीत जितकी कमावते, तितकी चौपदरी महामार्गावर नाही. धुळ्याकडे जाताना 80 च्या जागी 100 ने हाणली की वाऱ्याचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, आणि वाऱ्यात गेलेली ऊर्जा कुठलीही मोटर परत आणत नाही.

ब्रेकचंही तसंच. आमच्याकडे दर गावाला दोन-तीन गतिरोधक, त्यातले निम्मे न रंगवलेले. ताशी 60 वरून चार सेकंदांत थांबलात, तर सरासरी 50 किलोवॅटचा लोंढा बाहेर पडतो. एवढ्याशा बॅटरीला तो एका घासात गिळता येत नाही, उरलेलं ब्रेकच्या पॅडवर जळतं. तेच बारा सेकंदांत थांबलात, तर 17 किलोवॅट, आणि बहुतेक सगळं रांजणात. लांबून हलकासा ब्रेक लावत यायचं, एवढीच युक्ती. 'नुसत्या मोटरवर चालवीन' म्हणून गोगलगायीसारखं रेंगाळणारे मी पाहिलेत. त्यात काही मिळत नाही. रिकामा झालेला रांजण पुन्हा पेट्रोलनेच भरावा लागतो आणि प्रत्येक ओतण्यात थोडं सांडतं.

आता आमच्या खास वैऱ्याकडे येतो: ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो. मोठ्या बॅटरीला माणसासारखंच हवामान लागतं. ती फार तापली की गाडी तिच्यातून घेणं-देणं कमी करते, इंजिन सारखं चालू राहतं आणि आपण म्हणतो, उन्हाळ्यात अ‍ॅव्हरेज पडलं. शिवाय एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. त्याने दीड किलोवॅट ओढले, तर 0.4 युनिट पंधरा-सोळा मिनिटांत संपतात. म्हणजे फाटकाशी उभं असताना इंजिन मधूनच जागं होतं, तो बिघाड नव्हे. वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळेही थोडं कमी होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट धरून चाला.

बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच जाते. मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला एक जाळी असते, तिथून. लग्नाच्या बॅगा, केळीचा घड, काहीही तिच्यासमोर टाकू नका. माझ्या गाडीचा पंखा एका मार्चमध्ये एकाएकी मोठ्याने वाजायला लागला. मी जाळी काढली. आतल्या फिल्टरवर पांढुरका, मऊ नमदा बसला होता, बोटाने सोलला तर अखंड पापुद्रा निघाला. आमच्या रस्त्यावर जिनिंग आहे, कापसाचा हंगाम नुकताच संपत आलेला. गाडीने चार महिने कापूस श्वासात घेतला होता. फिल्टर झटकून, धुऊन, वाळवून बसवला आणि आवाज गेला. आता दिवाळी ते होळी दर महिन्याला बघतो. एक मात्र लक्षात ठेवा: जाळी काढणं वेगळं, बॅटरीचं झाकण उघडणं वेगळं. नारिंगी वेष्टनाच्या जाड वायरींना शहाण्याने हात लावू नये, त्यांत जीव घेऊ शकेल एवढा विजेचा दाब असतो.

तरी मला सगळ्यात जास्त छळलं ते मोठ्या बॅटरीने नाही, धाकटीने. गाडीत साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते. संगणक आणि मोठ्या बॅटरीचे खटके तिच्यावर चालतात. वीस दिवस पुण्याला राहून परत आलो तर गाडी ढिम्म. शोरूमवाल्यांनी फोनवरच सांगितलं, टो करून आणा, हायब्रिड बॅटरी तपासावी लागेल. गल्लीतली पोरं धक्का मारायला तयार. पण धक्क्याने ही गाडी सुरू होत नाही, तिथे क्लचच नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या वायरमनने दोन वायरी लावल्या आणि 'रेडी'चा हिरवा दिवा लागला. रांजण भरलेला होता, चावी देणारा झोपला होता. तेव्हापासून गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा कोणालातरी अर्धा-पाऊण तास 'रेडी'वर ठेवायला सांगतो. नुसतं टेप लावून बसलं तर उलट उतरते. आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला स्टार्टर द्यायला ही धाकटी वापरू नका. टो करायची पाळी आलीच तर पुढची चाकं उचलूनच न्यायला लावा, ती फिरली की मोटर वीज बनवायला लागते.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीचं पान उलटून स्वतःचा हिशेब मांडला. साध्या गाडीला लिटरला 16, हिला 23 धरले. वर्षाला 12,000 किलोमीटर, पेट्रोल 105 रुपये. वाचले 228 लिटर, म्हणजे 24,000 रुपये. किमतीतला फरक त्यांनी दोन लाख धरला. आठ वर्षं. मोठ्या बॅटरीची वॉरंटीही बऱ्याच कंपन्यांत आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरच असते. वर्षाला 25,000 चालणाऱ्याचे पैसे चार वर्षांत निघतात, पण मामांचं फिरणं शेत, बाजार आणि महिन्यातून एकदा जळगाव. त्यांनी साधी पेट्रोल गाडी बुक केली. मी अडवलं नाही.