तीन कुळं, मासा एकच

खोल समुद्रातला एखादा विचित्र मासा वर आला की ‘भूकंपाची चाहूल’ म्हणून त्याचे व्हिडिओ फिरू लागतात. त्याला काडीचाही पुरावा नाही. पण निव्वळ रूपावरून मासा ओळखायला जाणाऱ्या तज्ज्ञांनाही हा समुद्र चकवतो, हे मात्र खरं.

व्हेलफिशचंच बघा. हे कुल, म्हणजे जवळच्या नात्यातल्या माशांचा गट, १८९५ साली नोंदलं गेलं. वास्तव्य हजार मीटरहून खोल, अंगावर खवले नाहीत, डोळे नावापुरते आणि जबडा मात्र अवाढव्य. अंधारात पाण्याची हालचाल टिपायला पार्श्वरेषेवर, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेवर, मोठाली छिद्रं. १९५६ साली टेपटेल हे दुसरं कुल आलं. हे चिमुकले मासे समुद्राच्या वरच्या दोनशे मीटरांत सापडत आणि शेपटीला शरीराच्या कितीतरी पट लांब फीत असे. तिसरं, मोठ्या नाकाचं, बिगनोज कुल १९६६ साली ठरलं.

गोम अशी की सापडलेले सगळे व्हेलफिश माद्या होत्या, सगळे बिगनोज नर आणि टेपटेलपैकी एकही वयात आलेला नाही! २००३ साली जपानी संशोधकांना टेपटेल आणि व्हेलफिश यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या डीएनएमध्ये) फरक जवळपास दिसलाच नाही. रूपांतराच्या मधल्या अवस्थेतले नमुने हाती आल्यावर मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निकाल दिला: टेपटेल ही पिल्लं, बिगनोज बाप, व्हेलफिश आई.

नराचं रूपांतर तर थक्क करणारं आहे. पिल्लू असताना तो कॉपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव पोट फुटेस्तोवर खातो. मग वरच्या जबड्याची हाडं आक्रसतात, खालचा जबडा हलेनासा होतो, अन्ननलिका आणि जठर नाहीसं होतं. खाल्लेल्याचं रूपांतर प्रचंड यकृतात होतं आणि पुढचं आयुष्य त्या साठ्यावर. वाढतं ते फक्त नाक, बहुधा मादीचा माग काढायला, आणि वृषणं. मादीत याच्या उलट जबडाच लांबतो. शेपटीची फीत दोघांचीही गळते.

वर्गीकरणाच्या नियमानुसार सर्वांत जुनं नाव टिकतं, म्हणून आता हे सगळे व्हेलफिशच. मात्र कोणता नर कोणत्या जातीच्या मादीचा, हे जुळवणं किचकट आहे. संग्रहालयांतले जुने नमुने फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रावणात मुरलेले असतात आणि फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. त्यासाठी ताजे नमुनेच हवेत.