जागतिक कनिष्ठ आइस हॉकी स्पर्धा

वीस वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय संघांची आइस हॉकीतील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ ती दरवर्षी भरवतो. सर्वांत वरच्या श्रेणीत दहा संघ खेळतात. त्यांच्या खाली आणखी श्रेण्यांची उतरंड आहे आणि संघ आपापल्या कामगिरीनुसार तिच्यावर चढत-उतरत राहतात. २६ डिसेंबर म्हटले की मराठी क्रिकेटरसिकाला मेलबर्नची कसोटी आठवते. कॅनडात त्याच दिवशी ही स्पर्धा सुरू होते आणि ५ जानेवारीच्या सुमारास अंतिम सामना होईपर्यंत घरोघरी तिचीच चर्चा असते.

पहिली अनधिकृत स्पर्धा लेनिनग्राडमध्ये झाली. तशा तीन स्पर्धा झाल्यावर १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील बान्स्का बिस्त्रित्सा आणि झ्वोलेन या गावांत तिला अधिकृत सुरुवात झाली. पहिली चार अधिकृत विजेतेपदे सोव्हिएत संघाने जिंकली. आइस हॉकी ज्या देशाच्या हाडीमासी मुरलेली आहे तो कॅनडा तेव्हा मागे पडला, कारण निवडक राष्ट्रीय संघाऐवजी तो बहुतेक वर्षी एखादा कनिष्ठ क्लबच पाठवत असे. १९७८ मध्ये माँट्रियलला मात्र निवडक संघ उतरला. त्यात पुढे या खेळातला महान खेळाडू ठरलेला, तेव्हा सोळा वर्षांचा वेन ग्रेट्झकी होता आणि स्पर्धेत सर्वाधिक गुणही त्यानेच मिळवले. (आइस हॉकीत खेळाडूला गोलचाही एक गुण मिळतो आणि गोलसाठी दिलेल्या पासचाही एक.) १९८१ मध्ये पुन्हा क्लब गेला आणि आठ संघांत सातवा आला. त्यानंतर कॅनडाने देशभरातून मुले निवडून त्यांची एकत्र तयारी करून घेण्याची पद्धत लावली. प्रशिक्षक डेव्ह किंग यांच्या हाताखाली १९८२ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, त्या देशाला पहिले सुवर्ण मिळाले. बक्षीस समारंभात कॅनडाच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीतच आयोजकांकडे नव्हती. तेव्हा रिंकवरच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानावरच्या, निळ्या रेषेवर रांगेत उभ्या असलेल्या मुलांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून राष्ट्रगीत स्वतःच म्हटले. आज कॅनडाच्या खात्यावर वीस सुवर्णपदके आहेत. पूर्वीचा सोव्हिएत संघ आणि नंतरचा रशिया मिळून तेरा.

स्पर्धेची सध्याची रचना अशी: दहा संघांचे दोन गट असतात आणि ते आदल्या वर्षीच्या क्रमवारीवरून पडतात. पहिला, चौथा, पाचवा, आठवा व नववा एका गटात, तर दुसरा, तिसरा, सहावा, सातवा आणि खालून नव्याने चढून आलेला दहावा दुसऱ्या गटात. निर्धारित वेळेत सामना जिंकला तर तीन गुण. बरोबरीनंतर जादा वेळेत किंवा पेनल्टी फटक्यांवर निकाल लागला, तर विजेत्याला दोन आणि पराभूताला एक. प्रत्येक गटातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत जातात. उरलेल्या दोन तळच्या संघांची एकमेकांशी गाठ पडते आणि त्यांच्यातला हरणारा पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत खेळतो. ही लढत पूर्वी तीन सामन्यांची असे, २०२४ पासून एकाच सामन्यात सोक्षमोक्ष लागतो. रणजी करंडकातील एलिट आणि प्लेट गट ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. २००३ ते २०११ या काळात दरवर्षी दोन संघ घसरत, आता एकच घसरतो.

खालच्या श्रेणीचे नाव विभाग १. त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे सहा-सहा संघांचे गट आहेत. त्याखाली विभाग २ आणि विभाग ३. या पायऱ्यांवर आइसलँड, मेक्सिको, तुर्की, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका असे देश भेटतात. इथे सहसा ना उपांत्य फेरी, ना अंतिम सामना. सहा संघ आठवडाभरात एकमेकांशी एकेकदा भिडतात, पहिला येणारा वर जातो. पाचांतला एक सामना हातचा गेला तरी अख्खे वर्ष हातचे जाऊ शकते.

या स्पर्धेचा खरा पेच मात्र वयाच्या अटीत आहे, आणि तो समजल्याशिवाय तिच्यातली बढती-घसरण कळत नाही. स्पर्धा सुरू होते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडूने वयाची वीस वर्षे पूर्ण केलेली नसावीत. म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २०२५ च्या स्पर्धेत २००५ किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळू शकले. विभाग १ ‘अ’ची स्पर्धा साधारणपणे डिसेंबरात होते आणि तिच्यातील विजेता वरच्या श्रेणीत उतरतो तो पुढच्या डिसेंबरात. मधल्या काळात अट एका जन्मवर्षाने पुढे सरकलेली असते. संघाचा कणा सहसा एकोणीस वर्षांच्या मुलांचा असतो. त्यामुळे ज्यांनी घाम गाळून बढती मिळवली त्यांतल्या बहुतेकांना ती कधीच उपभोगता येत नाही. २०२३ च्या डिसेंबरात बुडापेस्टला कझाकस्तान जिंकले. त्या संघातील २००४ साली जन्मलेली मुले वर्षभराने ओटावाला जाऊ शकत नव्हती. त्यांनी उघडलेल्या दारातून त्यांचे धाकटे सोबती आत गेले. घसरणीचेही तसेच. एकोणीस वर्षांची मुले हरून निघून जातात आणि खालच्या श्रेणीतून वर येण्याचा भार सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर येतो. प्रौढांच्या संघात पडलेला खेळाडू स्वतः पुन्हा चढून दाखवू शकतो. इथे ती संधी फार थोड्यांना मिळते. म्हणून घसरणीचा सामना संपल्यावर बर्फावर बसून राहिलेली मुले पाहवत नाहीत. २ जानेवारी २०२५ रोजी ओटावात जर्मनीने कझाकस्तानला जादा वेळेत ४-३ असे हरवले. एका गोलाने कझाकस्तानच्या पुढच्या तुकडीचे वर्ष ठरून गेले.

तळाच्या सामन्यांनाही असा अर्थ असावा लागतो, हे १९८७ च्या एका कुप्रसिद्ध सामन्यावरून पटते. तेव्हा अंतिम सामना नव्हता. साखळीच्या गुणतक्त्यावरच पदके ठरत. ४ जानेवारीला चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी गावात कॅनडा आणि सोव्हिएत संघ शेवटचा सामना खेळत होते. पदक कॅनडाच्या हातात होतेच, सुवर्णासाठी पाच गोलांच्या फरकाने विजय हवा होता. सोव्हिएत संघ पदकांच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडला होता, त्याला गमावण्यासारखे काहीच उरले नव्हते. कॅनडा ४-२ ने पुढे असताना दुसऱ्या सत्रात हाणामारी पेटली, दोन्हीकडची राखीव मुलेही कठडा ओलांडून बर्फावर उतरली. पंचांना ती आवरेना, तेव्हा रिंकवरचे दिवे घालवण्यात आले. अंधारातही गुद्दागुद्दी थांबली नाही. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले, सुवर्ण फिनलंडला गेले. सर्गेई फ्योदोरोव, अलेक्झांडर मोगिल्नी, ब्रेंडन शॅनाहॅन, थिओ फ्लुरी हे पुढे मोठे झालेले खेळाडू त्या रात्री त्या बर्फावर होते. १९९६ पासून दहा संघ आणि बाद फेरी अशी रचना आली आणि पदकांचा निकाल बर्फावरच्या शेवटच्या सामन्यांत लागू लागला.

वरच्या श्रेणीत येणे आणि तिथे टिकणे यांत मोठे अंतर आहे. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या येव्हले इथे यजमानांनी जपानला २०-१ असे हरवले. स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गने एकट्या त्या सामन्यात १० गुण आणि स्पर्धेच्या सात सामन्यांत ३१ गुण मिळवले. तो विक्रम अजून अबाधित आहे. ऑस्ट्रिया २०२१ साठी वर आला आणि चार सामन्यांत त्याला एकच गोल करता आला. करोनामुळे खालच्या श्रेणींच्या स्पर्धाच रद्द झाल्या होत्या, म्हणून त्या वर्षी कोणी घसरले नाही. २०२३ मध्ये लात्वियाकडून हरून ऑस्ट्रिया अखेर खाली गेला.

मोठ्या संघांनाही ही वेळ चुकलेली नाही. १९९८ मध्ये फिनलंडमध्ये कॅनडा कझाकस्तानकडून ६-३ असा हरला आणि आठवा आला. फिनलंडची कहाणी तर सांगण्यासारखीच आहे. २०१६ मध्ये हेलसिंकीत रशियाला जादा वेळेत हरवून तो विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी पहिले तिन्ही सामने हरला. स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक बदलले गेले, यूसी आहोकास यांच्याकडे संघ आला आणि गतविजेता घसरण टाळण्यासाठी लात्वियाशी खेळू लागला. फिनलंडने ती लढत सलग दोन सामन्यांत जिंकली. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये व्हँकूव्हरला, आहोकास यांच्याच मार्गदर्शनाखाली तो पुन्हा विश्वविजेता झाला.

अलीकडच्या काळात स्पर्धेवर बाहेरच्या घटनांचे सावट पडले. एडमंटनची २०२२ ची स्पर्धा करोनामुळे मध्येच रद्द होऊन ऑगस्टमध्ये नव्याने खेळवावी लागली. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशिया आणि बेलारूसवर बंदी आली. त्याच सुमारास कॅनडाच्या २०१८ च्या संघातील खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, प्रायोजक दूर झाले आणि ऑगस्टमधल्या त्या स्पर्धेत अर्धीअधिक आसने रिकामी राहिली. खटला चाललेल्या पाचही खेळाडूंना न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले.

भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे. इथे हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवर वाढला. लेहच्या कार्झू तळ्यावर पाणी गोठले की हंगाम सुरू, वितळले की संपला. भारताच्या महिलांनी २०२५ मध्ये महासंघाच्या महिला आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. कनिष्ठांच्या या उतरंडीवर भारताचे नाव अजून लागलेले नाही. बर्फ वर्षभर मिळाल्याखेरीज ते लागणे अवघड आहे.

फिनलंडशी झालेल्या त्या लढतीत लात्विया २०१७ मध्ये खाली गेला होता. पाच वर्षांनी रशियाच्या रिकाम्या जागेवर त्याला बोलावण्यात आले. मिळालेल्या संधीचे सोने करत तो पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. २७ डिसेंबर २०२४ रोजी ओटावाच्या भरलेल्या रिंकमध्ये त्याची गाठ यजमान कॅनडाशी होती. गोलरक्षक लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने ५५ फटके अडवले. सामना २-२ असा पेनल्टी फटक्यांपर्यंत गेला आणि आठव्या फेरीत एबर्ट्स बोल्सने चकती जाळ्यात टाकली. कॅनडा या स्पर्धेत लात्वियाकडून प्रथमच हरला. २०१७ ला खाली गेलेल्या मुलांपैकी त्या रात्री बर्फावर कोणी नव्हते, असणे शक्यही नव्हते.