भारतीय संविधानाचे ऐतिहासिक स्रोत

भारताचे संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले. ते घडत असताना ज्या कायद्यांचा, राजकीय ठरावांचा, सामाजिक लढ्यांचा आणि परकीय राज्यघटनांचा आधार घेतला गेला, ते सर्व त्याचे ऐतिहासिक स्रोत होत. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत हा विषय एका तक्त्यात आटोपतो : संसदीय पद्धत ब्रिटनची, मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडची, प्रबळ केंद्र कॅनडाचे, समवर्ती सूची ऑस्ट्रेलियाची. तक्त्यात तथ्य आहे, पण त्यावरून देशोदेशीच्या घटनांतून वेचे जमवून ही घटना तयार झाली असा समज होतो आणि तो खोटा आहे. सांगाडा बव्हंशी १९३५च्या भारत सरकार कायद्याचा आहे. हक्कांचा आशय इथल्याच मागण्यांतून आणि लढ्यांतून आला. परकीय घटनांचा उपयोग मुख्यतः, काय हवे हे ठरल्यावर ते कायद्याच्या भाषेत कसे बसवायचे यासाठी झाला.

१९३५चा भारत सरकार कायदा : ब्रिटिश संसदेच्या या कायद्यात ३२१ कलमे आणि १० परिशिष्टे होती. केंद्र, प्रांत आणि समवर्ती (दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांची) अशा तीन विषयसूच्या, वटहुकूम काढण्याचा अधिकार, लोकसेवा आयोग, संघ न्यायालय (हे १९३७ मध्ये सुरू झाले) ही सारी व्यवस्था त्यात होती. समवर्ती सूचीसाठी ऑस्ट्रेलियाला जाण्याची गरजच नव्हती. ती दिल्लीत आधीच वापरात होती. संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी या कायद्याशी देशातील जुने कायदे जुळवून घेण्याचे काम पूर्वी केले होते, त्यामुळे त्याचा कानाकोपरा त्यांना ठाऊक होता. त्यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये तयार केलेल्या पहिल्या मसुद्यात २४३ अनुच्छेद आणि १३ अनुसूची होत्या. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने त्याची फेरमांडणी करून ३१५ अनुच्छेदांचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केला. सभागृहाच्या चर्चेनंतर ही संख्या ३९५ वर गेली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

या उसनवारीवर सभागृहात कडक टीका झाली. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या मते ही घटना म्हणजे मूलतः १९३५चाच कायदा होता, त्यात फक्त प्रौढ मताधिकाराची भर पडली होती. म्हैसूरच्या के. हनुमंतय्यांनी तक्रार केली की आम्हाला वीणेचे किंवा सतारीचे संगीत हवे होते, मिळाले ते इंग्रजी बँडचे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडतानाच आंबेडकरांनी या आक्षेपाला उत्तर दिले होते : घेण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचाच स्वामित्वहक्क नसतो. प्रशासनाचा तपशील घटनेतच का घातला, याचे त्यांचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. घटनात्मक नीती, म्हणजे घटनेच्या चौकटीविषयीचा मनापासूनचा आदर, इथल्या समाजात अजून मुरलेली नाही. घटनेचे शब्द न बदलताही केवळ प्रशासनाची पद्धत बदलून तिचा आत्मा मारता येतो, म्हणून तपशील विधिमंडळांवर सोडणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

‘फक्त प्रौढ मताधिकाराची भर’ या शब्दांत मात्र फार मोठी गोष्ट लहान करून सांगितली जाते. १९३५च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. अनुच्छेद ३२६ ने तो सर्व प्रौढांना दिला आणि अनुच्छेद ३२५ ने १९०९ पासून चालत आलेले विभक्त मतदारसंघ (ज्यांत त्या त्या समाजाचेच मतदार आपला प्रतिनिधी निवडत) संपवले. राखीव जागांची पद्धत राहिली, पण ती पुणे करारातली. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या या कराराने प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी १४८ जागा ठरल्या आणि मतदारसंघ संयुक्त राहिले. करार १९३५च्या कायद्यात उतरला, ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञाही त्याच कायद्यातून रूढ झाली, आणि पुढे अनुच्छेद ३३० व ३३२ मध्ये दोन्ही गोष्टी आल्या.

काही तरतुदी वारशात आल्या त्या नकोशाही होत्या. १९३५च्या कायद्याच्या ९३व्या कलमाने गव्हर्नरला प्रांताचा कारभार आपल्या हाती घेता येई. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर मुंबईसह अनेक प्रांतांत या कलमाखालीच राज्य चालले. राष्ट्रपती राजवटीचा अनुच्छेद ३५६ हा त्याचाच वंशज. तो क्वचितच वापरला जाईल आणि कागदावरच राहील, अशी आशा आंबेडकरांनी व्यक्त केली. ती फळली नाही. हरि विष्णु कामत यांनी आणीबाणीच्या तरतुदींना विरोध करताना जर्मनीच्या वायमार घटनेची आठवण दिली : तशाच अधिकारांचा आधार घेऊन हिटलरने ती घटना बुडवली होती. परकीय घटना इथे अनुकरणासाठी नव्हे, तर सावध करण्यासाठी पुढे आली, आणि हाही स्रोतांचाच एक उपयोग मानला पाहिजे.

हक्कांची परंपरा : १८९५च्या स्वराज्य विधेयकात (त्याचे श्रेय बरेचदा लोकमान्य टिळकांना दिले जाते) आणि १९२५च्या अ‍ॅनी बेझंट यांच्या राष्ट्रकुल विधेयकात नागरिकांच्या हक्कांची यादी सापडते. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरू समितीने मूलभूत हक्क आणि प्रौढ मताधिकार यांची एकत्र मागणी केली. यवतमाळचे माधव श्रीहरी अणे या समितीत होते. मार्च १९३१ मध्ये काँग्रेसच्या कराची अधिवेशनाने मोफत प्राथमिक शिक्षण, कामगारांचे संरक्षण आणि धर्माच्या बाबतीत राज्याची तटस्थता यांचा ठरावात समावेश केला. सायमन आयोग आणि नंतर ब्रिटिश संसदेची संयुक्त समिती, दोघांनीही हक्कांची सनद नाकारली. अमलात आणण्याचे साधन नसेल तर अशा घोषणांना अर्थ नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याचे उत्तर अनुच्छेद ३२ मध्ये आहे. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, आणि हा मार्गही मूलभूत हक्कच आहे. आंबेडकरांनी त्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले.

मुंबई प्रांतातून गेलेला एक धागा इथे सविस्तर सांगण्याजोगा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले, पण कागदोपत्रीच. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे आणि वहिवाटीने ते स्पृश्यांचेच आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, मात्र अशी वहिवाट अनादी काळापासून असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढ्याच कारणावर. ती सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न उरलाच.

आता अनुच्छेद १५(२) वाचावा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा, मग त्या पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या असोत किंवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या असोत, जातीच्या कारणाने कुणाला नाकारता येणार नाहीत. अनुच्छेद १३ म्हणतो की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा रद्दबातल ठरेल, आणि त्या अनुच्छेदात ‘कायदा’ म्हणजे रूढी आणि वहिवाटसुद्धा. महाडच्या खटल्यात जे दोन आडोसे घेतले गेले होते, मालकीचा आणि वहिवाटीचा, त्यांना आता जागा उरली नाही. मूलभूत हक्क उपसमितीचे सदस्य आणि पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले आंबेडकर त्या खटल्यात प्रतिवादी होते, हे लक्षात घेतले की या तरतुदीचा उगम कुठल्या परदेशी ग्रंथात शोधण्याची गरज राहत नाही. अनुच्छेद १७ मधली अस्पृश्यताबंदीही याच मातीतली. अनुच्छेद १६(४) मधल्या नोकऱ्यांतील आरक्षणामागे म्हैसूर संस्थान आणि मद्रास प्रांत यांचा अनुभव होता. त्याहीआधी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवण्याचा हुकूम काढला होता.

ग्रामपंचायतींबाबत मसुदा समितीची बाजू तोकडी होती, असे म्हणावे लागते. मसुद्यात त्यांचा उल्लेखच नव्हता. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, हे आंबेडकरांचे मत अनुभवातून आलेले होते. पण पंचायतींच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग सातारा भागातील औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रत्यक्ष करून पाहिला होता. सभागृहाच्या आग्रहामुळे के. संथानम यांची दुरुस्ती नोव्हेंबर १९४८ मध्ये स्वीकारली गेली आणि राज्याने ग्रामपंचायती संघटित कराव्यात असे सांगणारा अनुच्छेद ४० आला.

परकीय घटना : मार्गदर्शक तत्त्वांचा साचा आयर्लंडच्या १९३७च्या घटनेतला, पण आशय कराचीच्या ठरावाशी जवळचा. उर्वरित अधिकार (कोणत्याही सूचीत नसलेल्या विषयांवरचे) केंद्राकडे ठेवण्याची कॅनडाची रीत फाळणीनंतर अधिक पटली. सर्वांत दूरगामी परिणाम एका सल्ल्याचा झाला. १९४७च्या अखेरीस घटनात्मक सल्लागार नरसिंह राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटन येथे गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना बजावले की अमेरिकी घटनेतले ‘विधियुक्त प्रक्रिया’ (ड्यू प्रोसेस) हे शब्द घातले तर निवडून आलेल्या संसदेचे कायदे मोडण्याची मुभा मूठभर न्यायाधीशांना मिळते. म्हणून जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करणाऱ्या अनुच्छेद २१ मध्ये जपानच्या घटनेतली ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दयोजना आली. सभागृह नाराज होते. आंबेडकरांनी स्वतः दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि पुढे अटक झालेल्या व्यक्तीसाठी अनुच्छेद २२ चे संरक्षण जोडले. १९५० मध्ये गोपालन खटल्यात न्यायालयाने अनुच्छेद २१ चा अर्थ अरुंदच लावला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात मात्र ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असे ठरले, आणि फ्रँकफर्टर यांच्या सल्ल्याने जे दार बंद केले होते ते न्यायालयाने तेवढ्यापुरते उघडले.