वेताळ सोलापुरात कसा आला

माझ्या आजीचं माहेर अक्कलकोटकडचं. तिच्या तोंडी वेताळ म्हणजे वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला दगड. भुताखेतांचा राजा, पण आपल्या गावाचा राखणदार. रात्री फेरी मारतो, त्याच्या वाटेत झोपायचं नाही. दुसरा वेताळ चांदोबातला. १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या त्या मासिकात तो दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडं घालायचा आणि पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळायचा. आणि तिसरा माझा. अंगाला घट्ट बसलेले जांभळे कपडे, डोळ्यांवर काळी पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं, बोटात कवटीची अंगठी. हा तिसरा वेताळ अमेरिकेतून आलाय, हे कळलं तेव्हा मी सातवीत होतो आणि दोन दिवस माझा त्यावर विश्वास बसला नव्हता.

कॉमिक जमवायला लागून आता पन्नास वर्षं होत आली. हल्ली पुतणे-भाचे मल्टिप्लेक्समधून सुपरहीरोंचे सिनेमे पाहून येतात आणि विचारतात, "काका, तुमच्या वेळी होते का हे सगळे?" होते. कसे आले, कुठून आले, ते एकदा नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

वेताळाचं मूळ नाव फँटम. ली फॉक नावाच्या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वर्तमानपत्रांत त्याची रोजची चित्रपट्टी सुरू केली. त्याच्या दोन वर्षं आधी, १९३४ मध्ये, याच फॉकने जादूगार मँड्रेक आणला होता. सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात, जून १९३८ च्या. बॅटमॅन मे १९३९ चा. म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा घालून वेताळ या दोघांच्या आधी उभा होता. हे मी प्रत्येक वादात सांगतो आणि सांगत राहीन.

त्याच्याकडे शक्ती मात्र एकही नाही. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं, म्हातारपण येतं, मरण येतं. १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून एक तरुण वाचला, किनाऱ्याला लागला आणि बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. तेव्हापासून बापानंतर मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे, चालतंबोलतं भूत आहे. खरं गुपित त्याला, त्याच्या घरच्यांना आणि विषारी बाणवाल्या बांदर जमातीला ठाऊक.

सोलापूरच्या पोराला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पूर्व भागात घरोघरी माग. आजोबा ज्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे तिथेच पुढे वडील, मग थोरला. गिरणीतही बाप निवृत्त झाला की मुलगा त्याच खात्यात लागावा म्हणून खटपट चालायची. माझे वडील गिरणीत होते. अंगातली बंडी बदलते, माणूस बदलतो, काम तेच, हे आम्ही रोज बघत होतो. सुपरमॅनसारखा दुसऱ्या ग्रहावरून पडलेला माणूस आम्हाला गंमत म्हणून आवडला. वेताळ आम्हाला कळला.

भारतात फँटम १९४० च्या दशकात इंग्रजी साप्ताहिकातून दिसू लागला होता, पण घरात शिरला तो मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स काढलं तेव्हा. पहिलाच अंक फँटमच्या पट्ट्याच्या गोष्टीचा. त्या सुरुवातीच्या मंडळींत अनंत पै होते. तेच पुढे १९६७ मध्ये अमर चित्र कथा घेऊन आले आणि देशभरच्या मुलांचे पै काका झाले. इंद्रजाल आधी महिन्याला निघायचं, मग पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, कन्नड, तमिळ अशा कितीतरी भाषांत. बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले आणि त्यातले निम्मे तरी वेताळाचे.

परदेशी चित्रपट्टी जशीच्या तशी छापून इंद्रजाल इतकं रुजलं नसतं. मूळ गोष्टीत चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग होतं; आपल्याकडे ते सिंगा झालं. वडिलांचा खून करणाऱ्याचं नाव रामा होतं, त्याचं रामालू केलं. वेताळ राहतो त्या बंगाला देशाचं डेंकाली झालं, कारण कुणालाही बंगालच आठवला असता. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे नाव. फँटम हिंदीत वेताल झाला, मराठीत वेताळ. ज्याने हे नाव निवडलं त्याला मी फार मानतो. 'भूत' म्हटलं असतं तर पोरं घाबरली असती, 'छाया' वगैरे म्हटलं असतं तर हसली असती. वेताळ म्हटल्याबरोबर आजीच्या दगडाची सगळी धाक-माया या जांभळ्या माणसाला आयती मिळाली. राखणदार, रात्रीचा, आपला.

रंगाचीही एक गोष्ट आहे. फॉकच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. रोजची पट्टी काळीपांढरी, त्यामुळे तीन वर्षं प्रश्न आला नाही. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि तिथे तो जांभळा छापला गेला. स्वीडन-नॉर्वेकडे तोच वेताळ निळा आहे, इटलीत लाल. आपल्याकडेही इंद्रजालच्या अगदी सुरुवातीच्या अंकांत तो निळा होता, मग जांभळा झाला.

जुन्या कॉमिकचं पान भिंगाखाली धरलं की त्वचेचा रंग नाहीसाच होतो. उरतात पिवळ्यावर पसरलेले लाल ठिपके. जांभळा म्हणजे लालावर निळा. चार शाया, चार वेळा छपाई, आणि कागद केसभर सरकला की वेताळाचा ओठ गालावर. आमच्या गल्लीत चादरीची नक्षी काढणारे एक मामा होते. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून ते मोर काढायचे, मग त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकांची पत्री पाडली जायची. मी त्यांना भिंग आणि अंक दोन्ही नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आमचंच काम की बे हे. फक्त दोरा नाही." इतकं नेमकं मला नंतर कुणी सांगितलं नाही.

नवा कोरा अंक घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. आम्ही वाचायचो भाड्याने. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत सुतळीवर वाळत घातल्यासारखी कॉमिक लटकवलेली असत. तिथेच बाकावर बसून वाचलं तर पाच पैसे, घरी नेलं तर दहा. एका अंकावर तिघं डोकी घालून बसायचो आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत पान उलटायचं नाही, हा नियम. दुसरा मार्ग रेल्वेचा. सोलापूर मुंबई-चेन्नई रस्त्यावरचं मोठं स्टेशन. प्रवासी वाचून झालेली कॉमिक गाडीतच टाकून जात. एका मित्राचे वडील रेल्वेत होते, ते ड्यूटीवरून येताना असे अंक घेऊन यायचे. एकदा विजापूरकडून आलेला कन्नड अंक मिळाला. चित्रं तीच, वेताळ तोच, फुग्यातली अक्षरं तेवढी वाटोळी. गल्लीत कन्नड येणारे होतेच. त्यांनी वाचून दाखवला, आणि घरी तेलुगू, शाळेत मराठी बोलणारा माझा मित्र त्यांच्या चुका काढत बसला. तिसरा मार्ग रद्दीचा: मंगळवार बाजार, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तकं.

रद्दीतच मला खरी अमेरिकन कॉमिक पहिल्यांदा सापडली. कव्हर फाटकं, कागद मऊ, आणि मागच्या पानावर आम्हाला कधीच मिळणार नव्हत्या त्या वस्तूंच्या जाहिराती. तेव्हा कळलं की 'कॉमिक वाचून पोर बिघडतं' हे वाक्य फक्त आमच्या मास्तरांचं नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने याच विषयावर पुस्तक लिहून रान उठवलं होतं. घाबरून प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर नियमांचा शिक्का लावून घेतला. गुन्ह्याच्या, भयाच्या गोष्टी गेल्या, सुपरहीरोही बरीच वर्षं गुळमुळीत झाले. त्यातून वाट काढली ती मार्व्हलने. १९६१ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे फँटॅस्टिक फोर आले, १९६२ मध्ये ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन. भांडणारे, पैशाची चणचण असणारे, सर्दी होणारे सुपरहीरो.

स्पायडरमॅनचा एकच अंक सांगतो, कारण त्याने मला हलवलं. १९७३ चा १२१ वा. ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, तो जाळं टाकून तिला पकडतो, आणि तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक छोटासा आवाज लिहिलेला आहे. तडकल्याचा. पहिल्या वाचनात तो माझ्या नजरेतून निसटला. पुढच्या पानावर ती उठत नाही, म्हणून मी मागे आलो आणि तो शब्द दिसला. तोवर मला वाटायचं कॉमिकमध्ये वाचवलेला माणूस वाचतोच. इतक्या वर्षांत त्याच्या तोडीची चौकट मी पाहिलेली नाही, आणि आजच्या चकचकीत कागदावरच्या अंकांत, जिथे दर महिन्याला कुणीतरी मरतो आणि सहा महिन्यांनी परततो, ती मिळेल असं वाटत नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. गोऱ्या माणसाने सिंहासनावर बसायचं आणि काळ्या माणसांनी त्याला देव मानायचं, हे वेताळात आहे आणि आज वाचताना टोचतं. मँड्रेकचा सोबती लोथार स्वतः राजकुमार, पण सुरुवातीची कित्येक वर्षं बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकं बोलायचा. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढू लागला तेव्हा लोथारला नीट कपडे आणि नीट वाक्यं मिळाली. पुतण्याला ते अंक देताना हे मी आधी सांगतो, मग अंक देतो.

म्हणूनच बहादूरचं मोल मला जास्त. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला हा इंद्रजालचा अस्सल देशी नायक. भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप चंबळचा डाकू, आणि मुलगा गावकऱ्यांना जमवून डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभं करतो. मुखवटा नाही, गुपित नाव नाही. तो एसटीने आमच्या स्टँडवर उतरला असता तरी कुणी वळून पाहिलं नसतं, आणि तेच मला आवडायचं.

१९९० मध्ये इंद्रजाल थांबलं. तोवर घराघरांत टीव्ही होता, रविवार सकाळ त्याने घेतली होती. हिंदीत राज कॉमिक्सचे नागराज आणि ध्रुव जोरात होते. वेताळ पुढे काही वर्षं डायमंड कॉमिक्सकडून निघाला. ली फॉक मात्र १९९९ मध्ये वारला तोपर्यंत गोष्टी लिहीत होता, त्रेसष्ट वर्षं.

भाड्याची ती खोली बंद झाली तेव्हा मालकाने मला एक गोणी अंक किलोच्या भावाने दिले. माझ्या संग्रहाचा पाया तो. त्या काळचा कागद हलका, लाकडाच्या लगद्याचा. तो आपोआप पिवळा पडतो आणि कडेने तुकडे होतो. सोलापूरचं त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन त्याला आणखी कडक करतं, पण बुरशी धरत नाही आणि पिना गंजत नाहीत. मुंबईच्या ओळखीच्या संग्राहकांना पावसाळा छळतो, मला मे महिना. माळ्यावरून काढून अंक मी खालच्या खोलीत, जुन्या सुती चादरीत बांधून लोखंडी पेटीत ठेवलेत. अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, वाचायला न उघडली जाणारी. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघा पोरांनी त्या सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले होते. माझा एकही अंक बंद पेटीत जाणार नाही. कॉमिक उघडायचं असतं.

एका अंकाबद्दल सांगायचं राहिलं. भाड्याच्या खोलीतल्या त्या वेताळाच्या अंकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. वेताळ पाण्याने भरत चाललेल्या विहिरीत अडकलाय आणि पुढे काहीच नाही. मी रडकुंडीला आलो. तो तेलुगू मित्र म्हणाला, त्याने हा पूर्ण वाचलाय, आणि सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर बसून त्याने मला शेवट सांगितला. बांदर लोक बाणांना वेली बांधून विहिरीत सोडतात, आणि त्यांना धरून वेताळ वर येतो. अठ्ठावीस वर्षांनी मंगळवार बाजारात मला तोच अंक अख्खा मिळाला. छापील शेवटात वेताळ कडेचा एक दगड ढकलतो, पाणी निघून जातं, संपलं. बाण नाहीत, वेली नाहीत. मित्राने तो अंक वाचलाच नव्हता.

वेताळ राहतो त्या कवटीच्या गुहेत मोठमोठ्या वह्या आहेत. प्रत्येक वेताळ आपल्या हाताने त्यात आपली हकिकत लिहून ठेवतो. मी वहीचा एक कागद घेतला, मित्राचा शेवट जसा आठवला तसा लिहिला, खाली त्याचं नाव घातलं आणि त्या अंकात ठेवला. पुतण्याने मागच्या रविवारी दोन्ही वाचले. त्याला वेलींचा आवडला.