ट्रॅव्हल ट्रेलरच्या तळ-आवरणाची दुरुस्ती

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे, राहण्याची सोय असलेले वाहन. त्याच्या फरशीखाली, लोखंडी चासीला खालून ठोकलेले आच्छादन म्हणजे तळ-आवरण. फरशी आणि हे आवरण यांच्यामधल्या पोकळीत पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या, नळ, विजेच्या तारा आणि ग्लासवूलचा उष्णतारोधक थर असतो. थंड हवेसाठी बांधलेल्या ट्रेलरमध्ये हीटरची गरम हवाही या पोकळीत सोडतात, म्हणजे नळ गोठत नाहीत. आवरण फाटले की ती ऊब निसटते, रस्त्यावरचे पाणी व खडी आत उडते आणि उंदरांना वाट मिळते.

आवरण सहसा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पोकळ, पन्हळी पत्र्याचे असते. काही ट्रेलरांना विणलेल्या पॉलिथिलीनचे जाड कापड लावतात. दोन्ही हलकी आणि न गंजणारी. कमजोरी बहुधा जोडणीत असते. स्क्रूचे डोके लहान आणि पत्रा मऊ, त्यामुळे वेगात खालून वारा भरला की पत्रा फडफडतो, भोके मोठी होतात आणि एक कोपरा सुटला की बाकीचे भराभर सुटत जातात. फुटलेल्या टायरच्या चिंध्यांनी चाकाजवळचा भाग फाटणे हेही नेहमीचेच, आणि तेव्हा ब्रेकच्या तारा शाबूत आहेत का हे आधी पाहावे लागते.

लोंबणाऱ्या पत्र्याचा संशय मात्र पहिल्यांदा पाण्यावर घ्यावा. वरचा नळ किंवा टाकीचा सांधा ठिबकत असेल, तर पाणी आवरणात साचते. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि भिजलेले ग्लासवूल ते धरून ठेवते. असा फुगवटा नुसता वर दाबून पुन्हा स्क्रू मारणे ही दुरुस्ती नव्हे. गळती तशीच राहते आणि वरची लाकडी फरशी कुजू लागते. सर्वांत खालच्या जागी छोटे भोक पाडून पाणी काढावे. ते सांडपाणी असू शकते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. मग पत्रा उतरवून गळती शोधावी, टाक्यांच्या आधारपट्ट्या तपासाव्यात, ओला थर बदलावा आणि पोकळी पूर्ण वाळू द्यावी. टाकी भरलेली असताना पत्रा सोडवू नये. आधारपट्टी तुटली असेल तर सगळा भार पत्र्यावरच आलेला असतो.

ट्रेलरखाली शिरण्यापूर्वी तो सपाट, टणक जमिनीवर उभा करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात. उचलायचा असल्यास चासीखाली पक्के जॅक-स्टँड हवेत. कोपऱ्यांवरचे स्थिरता देणारे जॅक वजन पेलायला केलेले नसतात. गॅसचा मुख्य झडप बंद करावा आणि भोक पाडण्याआधी गॅसची नळी, तारा व टाकी कुठून जातात ते पाहून ठेवावे.

छोट्या चिरेला टेप पुरते, पण पॉलिप्रॉपिलीनला बहुतेक चिकटद्रव्ये नीट धरत नाहीत. या प्लास्टिकसाठी चालणारी टेप घेऊन जागा आधी स्पिरिटने पुसावी. मोठ्या भगदाडावर त्याच पत्र्याचा तुकडा, चारी बाजूंनी पुरेसा वाढीव ठेवून, बसवतात. पुढच्या पत्र्याची कड मागच्याच्या खाली घ्यावी, म्हणजे वारा सांध्यात शिरत नाही.

नव्याने ठोकताना सेल्फ-ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या) स्क्रूसोबत रुंद वॉशर वापरावेत. पत्र्यातली भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवावीत: दोन मीटरचा पॉलिप्रॉपिलीन पत्रा तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर साधारण 6 ते 9 मिलिमीटर वाढतो, आणि घट्ट आवळलेला पत्रा मग लाटांसारखा उठतो. जिथे आधार नसलेले अंतर मोठे आहे तिथे आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टाकल्या की लोंबणे थांबते. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात थेट भिडले तर ॲल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये रंगाचा किंवा टेपचा थर असावा.

नळ बाहेर पडतात तिथल्या फटींत पसरणारा फोम भरतात. उंदीर तो सहज कुरतडतात. आधी बारीक लोखंडी जाळी कोंबलेली बरी. पाणी निघण्याची आणि गॅस बाहेर जाण्याची मूळ छिद्रे मात्र बुजवू नयेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास खालीच साठतो. टाक्यांच्या झडपांच्या दांड्यांपाशी सुटे होणारे झाकण ठेवले, तर पुढच्या वेळी अख्खा पत्रा उतरवावा लागत नाही. पहिल्या लांब प्रवासानंतर स्क्रू एकदा तपासतात, कारण नवा पत्रा थोडा बसतो आणि काही स्क्रू सैल पडलेले आढळतात.